गटात सगळ्यांत शेवटी पोचते, म्हणून जाणं सोडू का?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

माझं वय 63. खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यानंतर वर्षभरातच यजमान गेले. आता बेळगावात टिळकवाडीत मुलगा, सून आणि पाच वर्षांच्या नातवाबरोबर राहते. घरात कशाची उणीव नाही, पण नातू शाळेला गेला की दिवस खायला उठतो.

रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या सावलीतल्या वाटेवर फिरायला जाते. तिथं ओळख झालेल्या एका अक्कांनी मला त्यांच्या ग्रुपमध्ये बोलावलं. दहा-बारा जण आहेत, सगळे साठीच्या आसपासचे. महिन्यातून दोन रविवारी कुठल्या तरी गडावर, नाही तर रानात चालायला जातात. त्यांच्याबरोबर मी राजहंसगडावर गेले. निम्म्या चढावरच धाप लागली. बाकीचे पुढं गेले. मी वर पोचले तेव्हा सगळे बसून माझीच वाट बघत होते, आणि मी पोचताच उठले. उतरताना गुडघे लटलटत होते. कुणी शब्दानं बोललं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय ग्रुपमधले निम्मेअधिक कानडी बोलतात. मला कळतं, पण बोलायला जीभ वळत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, ह्या वयात हे उद्योग कशाला? पाय मोडून घेशील." नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "नवरा जाऊन तीन वर्षं झाली नाहीत, तोवर ही ट्रॅकपँट घालून पुरुषांबरोबर गड चढायला लागली." मला शुगर आहे, गोळी चालू आहे. अक्कांचे पुन्हा फोन आले, मी काहीबाही कारण सांगून टाळलं.

खरं सांगू का, मला चालण्यापेक्षा माणसांची हौस जास्त आहे. ओळखी रग्गड आहेत, पण मनातलं बोलावं असं कुणी उरलेलं नाही. ह्या वयात नवी मैत्री होते का? की आपलं गप्प घरी बसावं?

एक निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी


ताई,

नका सोडू. तुमच्या पत्रातलं 'मी पोचताच उठले' हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुमच्या त्रासाचं मूळ मला तिथं दिसतं. ते तुमच्या वयात नाही आणि गुडघ्यातही फारसं नाही.

डोंगर चढणाऱ्या गटात काय होतं बघा. पुढचे सात-आठ जण चढ संपवून एखाद्या झाडाखाली थांबतात. घाम पुसतात, पाणी पितात, चेष्टामस्करी करतात. त्यांची चांगली दहा मिनिटं विश्रांती होते. तेवढ्यात मागचं माणूस धापा टाकत येऊन पोचतं, आणि ते दिसलं की पुढचे म्हणतात, "आल्या बघा, चला आता." म्हणजे ज्याला विसाव्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. पुढच्या चढाला ते माणूस आणखी मागं पडतं, मग त्याचा विसावा आणखी कमी होतो, आणि घरी परतेपर्यंत आपण सगळ्यांच्या गळ्यातलं लोढणं झालो अशी त्याची खात्री पटते. ह्यात कुणाच्या मनात पाप नसतं. ते तुमची वाट बघत होते ती आपुलकीनंच. पण गट चालवायची रीत ठाऊक नसली की आपुलकी असूनही माणूस एकटं पडतं.

शहापूरच्या एका गटाबरोबर मी अधूनमधून जाते. त्यांच्यात एक निवृत्त पोस्टमन काका आहेत, ते ठरवून सगळ्यांच्या मागं चालतात. पुढं कुणी दमून थांबलं की काकाही थांबतात, पण "दमलासा काय?" असं कधी विचारत नाहीत. वाकून बुटाची नाडी नीट करतात, नाही तर काठीनं दाखवतात, "हा हिरडा बघा की, किती लागलाय यंदा." थांबलेल्याला दोन मिनिटं दम खाता येतो आणि आपल्यासाठी कुणी थांबलं आहे असं वाटतही नाही. आणखी एक गोष्ट त्या गटात पक्की आहे. काका वर येऊन खाली बसल्याशिवाय आणि त्यांनी पिशवीतला गूळ-शेंगदाण्याचा डबा फिरवल्याशिवाय कुणी जागचं उठत नाही. त्यामुळे शेवटी येणाऱ्यालाही पुढच्यांइतकंच बसायला मिळतं.

तेव्हा अक्कांना फोन करा आणि सरळ सांगा: "अक्का, मला यायचं आहे, पण मी सावकाश चालते. माझ्याबरोबर मागं कुणी राहील का? आणि मी पोचले की पाच-दहा मिनिटं बसून मग निघायचं का?" ह्यात लाजण्यासारखं काही नाही. साठीच्या गटात हे बोलणारं पहिलं माणूस लागतंच. तुम्ही बोललात की आणखी दोघं-तिघं 'बरं झालं बाई बोललात' म्हणतील बघा. अक्का 'अय्य, अदक्केन्री' (अहो, त्यात काय एवढं) म्हणून हसल्या आणि पुढच्या खेपेला तशी व्यवस्था केली, तर तो गट तुमचा. तसं झालंच नाही, तर त्यांचं काही चुकलं असं धरू नका, तुमचं तर मुळीच नाही. मग डेपोतल्याच तुमच्या चालीच्या तीन-चार बायका गोळा करा आणि राकसकोपच्या बाजूला सपाटीवर चालायला सुरुवात करा. पुष्कळ चांगले गट असेच चार माणसांनी सुरू झालेले असतात.

आता धापेबद्दल. डेपोतली वाट सपाट, सावलीची. तिथं रोज चालणारं माणूस येळ्ळूरच्या ह्या राजहंसगडावर दमतं ह्यात नवल नाही. चढताना प्रत्येक पावलाला सगळं अंग वर उचलावं लागतं, त्याची सवय सपाटीवर होत नाही. बहुतेक जण चढाच्या सुरुवातीलाच इतरांच्या वेगानं निघतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत श्वास घालवून बसतात. तुमचंही तेच झालं असणार. तुमचा वेग तुम्हीच मोजा आणि तो बोलण्यावरून मोजा. चढताना बाजूच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर सगळं ठीक. वाक्य मधेच तुटायला लागलं की पाय आवरा. आणि हरिपाठाचा अभंग चालीवर म्हणता येत असेल, तर थोडं लवकर चालायला हरकत नाही. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा मध्यम व्यायामाची हीच खूण सांगतात: बोलता यावं, गाता येऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे. डेपोच्या रोजच्या फेऱ्यांत तुमची ती भरत असतील. पण त्याच सूचनांत 65 च्या पुढच्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडं कुणी मनावर घेत नाही. आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. तुम्ही 63 च्या आहात, आतापासून धरलेलं बरं. मुलाला 'पाय मोडून घेशील' ही जी भीती आहे, तिच्यावरचा उपाय घरी बसणं हा नाही. घरी बसून मांड्यांची ताकद जाते आणि मग माणूस न्हाणीघरात पडतं.

गुडघे लटलटले ते उतरताना, हे तुम्ही बरोबर टिपलं आहे. चढताना दम लागतो, उतरताना मांडी थकते. उतरणीला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन रोखून धरत असतो, आणि हे काम त्याला सगळ्यांत जड जातं. सपाटीवर चालून त्याला ते शिकायला मिळत नाही. म्हणून गुडघा लटलटला की सांधा झिजला असं लगेच समजू नका. पुष्कळदा तो थकलेला स्नायू असतो. मात्र गुडघ्याला सूज येत असेल, तो मधेच अडकत असेल किंवा एका जागी सुईसारखी कळ येत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मगच गडाचं नाव काढा.

घरी करायला तीन गोष्टी पुरेत. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि चार आकडे मोजत हळू बसायचं. बसणं हळू असलं पाहिजे, फायदा तिथंच आहे. जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवरून एकेक पाय सावकाश खाली टेकवायचा, कठडा धरून. आणि चहाचं आधण येईपर्यंत ओट्याला बोट टेकून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. महिनाभरात उतरणीवर फरक कळू लागेल.

आणि काठी घ्या. शक्य असेल तर दोन घ्या. काठी म्हटलं की आपल्याला म्हातारपण आठवतं, पण आता डोंगरात तरणी पोरंही घडीच्या काठ्या घेऊन फिरतात. उतरताना काठी आधी खाली टेकवायची, मग पाय. पावलं आखूड ठेवायची. मुरुमावरून घसरायला होतं, तिथं अंग थोडं आडवं करून उतरायचं. आपल्या भागातल्या तांबड्या मुरुमाचे खडे बुटाखाली अक्षरशः गोट्यांसारखे फिरतात, आणि तुम्ही बहुधा तिथंच घाबरला असाल.

शुगरचं मात्र हलक्यानं घेऊ नका. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटून 'मी डोंगर चढायला जाणार आहे' असं ह्याच शब्दांत सांगा. 'फिरायला जाते' म्हटलं की ते मान डोलावतात आणि विषय संपतो. रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्या, त्यांना गरज वाटली तर ते पुढची तपासणी सांगतील. तुमची गोळी नेमकी कुठली हे विचारा. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी असते, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तीन-चार तासांच्या चढउतारात साखर उतरू शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधारी, उगाच चिडचिड ही तिची लक्षणं. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्यायचं आणि मग काहीतरी पोटभरीचं खायचं. साखरेची पुडी तुमच्या पिशवीच्या वरच्या खणात असू द्या आणि ती कुठं आहे हे अक्कांना दाखवून ठेवा. रविवारी उपास धरून जाऊ नका. घरी आल्यावर पाय धुऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा. शुगरवाल्यांना फोड आलेला पुष्कळदा कळतच नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, न थांबणारी धाप असं कधी काही झालं, तर तिथंच बसायचं आणि सोबतच्यांना सांगायचं. 'त्यांचा रविवार बिघडेल' म्हणून सोसत पुढं जायचं नाही. बायकांना ही सवय फार असते, म्हणून मुद्दाम सांगते.

कुठं जायचं? राजहंसगड तुम्ही पाहिलाच. पुन्हा जा, पण ह्या वेळी गाडीरस्त्यानं गडाच्या बऱ्याच वर जाऊन उरलेला चढ तेवढा चाला. सिद्धेश्वराच्या देवळापाशी बसा आणि सगळं बेळगाव तिथून बघा. तो जमला की वैजनाथ. देवरवाडीचं वैजनाथ हे आपल्या लोकांचं जुनं ठिकाण, श्रावणात तिथं रीघ असते. ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण आपल्याला ते परगावचं वाटतच नाही. तिथून वर महिपाळगड. तिथली गंमत अशी की किल्ल्यावरच गाव वसलेलं आहे, म्हणजे वर पोचल्यावर माणसं भेटतात, पाणी मिळतं, कुणाच्या तरी कट्ट्यावर बसता येतं. नव्यानं डोंगर चालणाऱ्यांना मी वस्ती असलेले गडच आधी सुचवते. पारगडही तसाच, वर घरं आहेत आणि तानाजी मालुसऱ्यांचे वंशज अजून तिथं राहतात. पण तो लांब आहे आणि वाट घाटाची, तेव्हा वर्षभरानं बघा.

ज्या रविवारी चढ नको असेल, त्या रविवारी हलशी. कदंबांची ती एके काळची राजधानी, भूवराह नरसिंहाचं देऊळ, आसपास ऊस आणि भाताची शेतं. नाही तर असोग्याला मलप्रभेच्या काठानं चाला. आणखी पुढं जायची तयारी झाली की कणकुंबी, मलप्रभा उगम पावते ते माउलीचं देऊळ. तुमची सगळी नोकरी खानापूर तालुक्यातच झाली, ह्या जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. मुलांच्या सहलींवर लक्ष ठेवत पाहिलेल्या जागा आता स्वतःसाठी पाहायला मिळतील.

आणि खर्चाचंही बघा. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या आत सरकारी साध्या बसनं तिकीट लागत नाही. खानापूर, हलशी, कणकुंबीकडं बसनं जायचं ठरलं, तर आधार कार्ड तेवढं बरोबर असू द्या.

ह्या भागात ऋतू सांभाळावा लागतो. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस धरून असतो, जळवा लागतात, शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही. त्या दिवसांत जवळपासच्या सडकेवरच चालावं. धबधब्याखाली जाण्याचा आग्रह कुणी केला, तर नाही म्हणा. डिसेंबर ते मे रानात गोचीड असते आणि घाटाच्या ह्या पट्ट्यात तिच्यातून माकडतापाचे रुग्ण झालेले आहेत. त्या महिन्यांत पूर्ण बाह्या, पायमोजे, पाचोळ्यात बसकण मारायची नाही, घरी येताच अंघोळ. रानाच्या आतल्या भागात अस्वल आणि गवे आहेत, चंदगडच्या बाजूला हत्तीही येतात. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणी नेतो म्हणाला, तरी जाऊ नका. गडाच्या कड्याला आग्या मोहोळ असतं, तिथं धूर करायचा नाही आणि अत्तर-सेंट लावून जायचं नाही. एवढं पाळलं की ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडं चालायचा सोन्यासारखा काळ आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. तुम्ही तो पत्राच्या शेवटी लिहिलात, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत.

होते, ताई. ह्या वयात मैत्री होते. पण ती तरुणपणी होते तशी आपोआप होत नाही, तिला वेळ द्यावा लागतो, आणि किती वेळ ह्याचा थोडा अंदाजही आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल ह्यांनी नव्या गावी राहायला आलेल्या माणसांचा अभ्यास केला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. ओळखीचं माणूस साधा मित्र व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवाभावाचा व्हायला 200 तासांच्या वर, असं त्यात दिसलं. नोकरीत शेजारी बसून गेलेले तास मैत्रीला फारसे उपयोगी पडत नाहीत, मोकळ्या वेळात बरोबर घालवलेले तास पडतात, असंही त्यात आढळलं. माणसं अमेरिकेतली, आपलं जगणं वेगळं, हे खरं. तरी मला ते वाचून पुष्कळ गोष्टी उलगडल्या. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये काढून हक्काची मैत्रीण का उरली नाही, ह्याचा तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर देऊ नका. तिथं पेपर तपासायचे होते, बस गाठायची होती, घरी स्वयंपाक पडला होता. मोकळे तास होते कुठं?

गडावरचा रविवार जाऊन-येऊन सहा तासांचा धरा. महिन्याला दोन म्हणजे बारा तास. म्हणजे 50 तास व्हायला चार महिने. तुम्ही गेलात एका रविवारी, म्हणजे सहा तास. सहा तासांत कुणाचीच मैत्री झालेली नसते. तेव्हा दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत एकही रविवार न चुकवता, त्याच गटाबरोबर जा, आणि मग मला सांगा. गट बदलत राहिलात, एक रविवार गेलात आणि दोन चुकवलेत, तर तास जमतच नाहीत.

चालताना बोलणं सोपं जातं हे तुम्हाला जाणवेल. समोरासमोर बसलं की डोळ्याला डोळा द्यावा लागतो, गप्प बसलं तर अवघडायला होतं. वाटेवर दोघींची नजर पुढं असते, मधे दहा मिनिटं कुणी बोललं नाही तरी चालतं, आणि मग एखादी बाई आपणहून म्हणते, "आमचे मालक गेले ना, तेव्हा मी सहा महिने त्यांची खोली उघडली नव्हती." हे वाक्य दिवाणखान्यात निघत नाही. मी ते वाटेवर ऐकलं आहे, आणि ऐकणारी बाई काही न बोलता तिच्या बरोबरीनं चालत राहिली. त्या दोघी आज एकमेकींच्या घरी जाऊन लोणचं घालतात.

आणि एक सांगते, आपल्याकडं नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. आता काही घरांतून बोलावतात, पण बोलावलं तरी ताट फिरताना आपल्यापाशी हात क्षणभर थांबतो, हे ज्या बाईनं सोसलं तिलाच कळतं. वर्षानुवर्षं ज्या चार जागी बायकांत जाणं-येणं होतं, त्या एकाएकी बंद होतात. मग बोलायला कुणी उरलं नाही, हे तुमचं एकटीचं दुःख कसं असेल? डोंगरावर कुणाच्या कपाळाकडं बघायला सवड नसते. नात्यातल्या त्या बाईंचं बोलणं तुमच्या जिव्हारी लागलं असणार, पण त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. येळ्ळूर, कडोली, उचगावच्या बायका पहाटेपासून डोक्यावर भाजीच्या बुट्ट्या घेऊन बांधाबांधानं चालत आल्या, पुरुषांबरोबर शेतात राबल्या, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. ट्रॅकपँट खुशाल घाला. तीत पाय मोकळा पडतो आणि पाय मोकळा पडला की माणूस घसरत नाही. नसेल बरं वाटत, तर सलवार-कमीज घाला, ओढणी घरी ठेवा, ती काटेरी झुडपात अडकते.

कानडीचं म्हणाल, तर कळतं म्हणजे अर्धं काम झालंच आहे. भाषेवरून आपल्या भागात किती कडवटपणा झाला ते तुम्ही-आम्ही आयुष्यभर पाहिलं. पण डेपोत अक्कांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा भाषा विचारली नव्हती. 'नीर बेकेन्री' (पाणी हवं का), 'सावकाश बर्री' (सावकाश या), 'साकु' (पुरे) इथपासून सुरुवात करा. व्याकरण चुकलं तर चुकू द्या. बाई स्वतः आपलं बोलणं चुकवत शिकतात म्हटल्यावर समोरच्यांनाही त्यांचं मोडकंतोडकं मराठी बोलायला धीर येतो. आणि तुमच्याजवळ एक गोष्ट आहे जी त्या गटात बहुधा दुसऱ्या कुणाजवळ नाही. तुम्ही इतिहास शिकवला आहे. हलशीला गेलात की कदंबांचं सांगा, नंदगडला गेलात की 1831 साली तिथं फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाचं सांगा, पारगडावर मालुसऱ्यांचं. थांब्यावर बसून पाच मिनिटं सांगायचं, तास घ्यायचा नाही. गटात आपलं म्हणून एक काम असलं की शेवटी पोचण्याची लाज मनातून जाते. लोक तुमच्या पोचण्याची वाट बघतील, आणि कशासाठी बघतात हे तुम्हाला माहीत असेल.

डबाही थोडा जास्तच न्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, रताळ्याच्या दिवसांत उकडलेली रताळी. तुमच्या शुगरला रताळ्याच्या एक-दोन फोडीच, बाकी वाटायला.

घरी मुलाशी भांडू नका. त्यानं वडील गमावले आहेत, आता आईला काही होऊ नये ही त्याची भीती आहे आणि ती खोटी नाही. त्याला शनिवारी रात्री लिहून द्या: कुठं जाणार, कुणाबरोबर, गटातल्या दोघांचे फोन, किती वाजता परत. कणकुंबीच्या बाजूला फोनला बऱ्याचदा रेंज मिळत नाही, तेही आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो घाबरणार नाही. एखाद्या रविवारी त्याला आणि नातवाला राजहंसगडावर बरोबर घेऊन जा आणि गटातल्या लोकांशी गाठ घालून द्या. पोस्टमन काकांसारखं कुणी मागं चालतंय हे त्यानं स्वतः पाहिलं की त्याचं निम्मं बोलणं बंद होईल.

सुनेशी मात्र वेगळं आणि एकटीनं बोला. तुमच्या पत्रात तिचा शब्दही नाही, पण रविवारी सकाळी नातवाकडं तुम्हीच बघत असाल तर अडचण तिची होणार आहे. "महिन्यातले हे दोन रविवार माझे, आणि त्याबदल्यात अमुक दोन संध्याकाळी तुमच्या, तुम्ही दोघं कुठंही जा," असं मोकळं ठरवा. कुणी कुणावर उपकार केल्यासारखं त्यात राहणार नाही, आणि पुढं वर्षभर ते टिकेल.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, म्हणजे माप बरोबर मिळतं. जाड मोजे घालून बघा, अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, नाही तर उतरताना नखं काळी पडतात. तळाला खोल नक्षी असू द्या. आणि नवे बूट थेट गडावर घालू नका, आधी पंधरा दिवस डेपोच्या फेऱ्यांना वापरा.